कॉमेट विमाने आणि कारखान्याची पत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी मुंबईत जुहूच्या मैदानावर एका इंजिनाचे एक चिमुकले विमान येऊन उतरले. सकाळी कराचीहून निघून, वाटेत अहमदाबादला थांबून ते आले होते. आत टपालाच्या थैल्या होत्या आणि चालवणारे होते स्वतः जे. आर. डी. टाटा. टाटांच्या हवाई टपालसेवेचा तो पहिला दिवस. एअर इंडियाचा इतिहास सांगणारे ह्याच दिवसापासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पण ते विमान कोणाच्या कारखान्यातले, हे सहसा कोणी विचारीत नाही. विमानाचे नाव होते ‘पुस मॉथ’, आणि कारखाना होता इंग्लंडातील डी हॅविलंड कंपनीचा.

जेफ्री डी हॅविलंड ह्यांनी ही कंपनी १९२० मध्ये काढली. गृहस्थांना फुलपाखरे आणि पतंग जमवण्याचा नाद. म्हणून आपल्या विमानांना त्यांनी पतंगांची नावे दिली. जिप्सी मॉथ, पुस मॉथ, टायगर मॉथ. कंदिलावर झेप घेणारा पतंग आपल्याला ठाऊक आहे. त्याचे नाव कोणी विमानाला द्यावे ह्याचे आपल्याला थोडे नवलच वाटेल. परंतु ही हलकी, स्वस्त आणि चालवायला सोपी विमाने जगभर खपली. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी तरुण टायगर मॉथवर उडायला शिकले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ह्याच कारखान्याने लाकडाचे ‘मॉस्किटो’ विमान बांधले आणि ते इतके वेगवान निघाले की, लाकडी विमान म्हणून हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली. युद्धानंतर त्यांचे ‘व्हँपायर’ हे जेट लढाऊ विमान बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यातही तयार होऊ लागले. सारांश, विमानाच्या धंद्यात डी हॅविलंड म्हणजे खणखणीत नाणे.

ह्या खणखणीत नाण्याची ही गोष्ट आहे. ती सांगायची ती एवढ्यासाठी की, एखाद्या कारखान्याची पत अपघाताने कशी जाते हे आपण नेहमी ऐकतो. पण कारखान्याची मोठी पत हीच कधीकधी अपघाताचे खरे कारण शोधण्याच्या आड कशी येते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

युद्ध चालू असतानाच इंग्लंडमध्ये एक विचार पक्का झाला होता. मोठी उतारू विमाने बांधण्यात अमेरिका पुढे गेली आहे. तेव्हा तिच्या मागे धावण्यात अर्थ नाही, एकदम पुढची उडी घ्यायची. ही उडी म्हणजे जेट विमान. लॉर्ड ब्रॅबॅझन ह्यांच्या समितीने शिफारस केली, डी हॅविलंडने काम अंगावर घेतले, आणि आर. ई. बिशप ह्या मुख्य आरेखकाच्या हाताखाली हॅटफील्डच्या कारखान्यात ‘कॉमेट’ आकाराला आले. २७ जुलै १९४९ रोजी जॉन कनिंगहॅम ह्या वैमानिकाने ते प्रथम आकाशात नेले. गंमत अशी की, तो दिवस कनिंगहॅमच्या आणि सर जेफ्रींच्याही वाढदिवसाचा होता.

कॉमेट म्हणजे धूमकेतू. आपल्याकडे कोणा कारखानदाराने आपल्या मालाला असले नाव दिले असते तर घरच्या वडीलधाऱ्यांनीच त्याला दटावले असते. ते असो.

विमान मात्र देखणे होते. समोर पंख्यांचा घरघराट नाही. चारही इंजिने पंखांच्या मुळाशी आत दडवलेली. पूर्वीची विमाने ढगांच्या आणि वादळांच्या थरातून धक्के खात जात; कॉमेट पस्तीस ते चाळीस हजार फुटांवरून, हवामानाच्या वरून, ताशी साडेचारशे मैलांहून अधिक वेगाने जाई. टेबलावर नाणे कडेवर उभे केले तरी पडत नाही, अशी वर्णने त्या वेळच्या वर्तमानपत्रांत येत. २ मे १९५२ रोजी बी.ओ.ए.सी. म्हणजे ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनने लंडन ते जोहान्सबर्ग अशी कॉमेटची सेवा सुरू केली. तिकीट काढून जेट विमानात बसता येण्याचा जगातला हा पहिला दिवस. वाटेत रोम, बैरूत, खार्टूम, एंटेबे आणि लिव्हिंगस्टन एवढे थांबे घेऊनही हे विमान सुमारे चोवीस तासांत पोचले. त्या विमानाच्या नोंदणीची शेवटची दोन अक्षरे वाय आणि पी. वैमानिकांच्या बोलीत ‘योक पीटर’. हे नाव लक्षात ठेवा.

लवकरच कॉमेट पूर्वेकडे वळले. कराची, दिल्ली, कलकत्ता, सिंगापूर, टोकिओ. परदेशी कंपन्यांच्या मागण्या आल्या. अमेरिकेतील पॅन अमेरिकन कंपनीनेसुद्धा पुढच्या, मोठ्या आवृत्तीसाठी नाव नोंदवले. अमेरिकेने इंग्लंडकडून मोठे उतारू विमान घ्यावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपल्या एअर इंडियानेही त्याच ‘कॉमेट ३’साठी मागणी नोंदवली होती.

आणि मग विमाने पडू लागली.

ऑक्टोबर १९५२ मध्ये रोमला एक कॉमेट धावपट्टीवरून उठलेच नाही. कोणी दगावले नाही. वैमानिकाने नाक फार लवकर वर उचलले, असा निर्णय झाला. मार्च १९५३ मध्ये कराचीला तसेच घडले. विमान कॅनडाच्या एका कंपनीकडे सोपवण्यासाठी चालले होते आणि आतली अकराही माणसे गेली. पुन्हा वैमानिकाची चूक. ह्या दोन अपघातांनंतर पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला, ह्याचा अर्थ दोष निव्वळ वैमानिकाचा नव्हता हे कारखान्यालाही कळले होते. परंतु कागदावर बोल लागला तो वैमानिकालाच.

त्यानंतरचा अपघात आपल्या देशातला. २ मे १९५३, म्हणजे पहिल्या उड्डाणाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, सिंगापूरहून लंडनला जाणारे कॉमेट दुपारी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघाले. मे महिना, बंगालमध्ये हे दिवस काळबैसाखीचे. विमान उठून सहा मिनिटे होतात न होतात तोच त्याचा संबंध तुटला. शहराच्या वायव्येस वीस-पंचवीस मैलांवर त्याचे तुकडे दूरवर विखरून पडले. त्रेचाळीस माणसे होती. एकही वाचले नाही.

भारत सरकारने चौकशी-न्यायालय नेमले. विमान हवेतच मोडले, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. का मोडले? तर वादळातल्या प्रचंड झोतांमुळे, अथवा त्या वादळात वैमानिकाने सुकाणू अधिक ताणल्यामुळे किंवा विमान त्याच्या ताब्यातून गेल्यामुळे त्यावर सोसवेल त्याहून जास्त भार आला. मात्र अवशेषांची अधिक बारकाईने तपासणी व्हावी, असेही न्यायालयाने सुचवले, हे सांगितलेच पाहिजे. त्याप्रमाणे काही अवशेष इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या शासकीय विमान-संशोधन संस्थेत गेले. तेथे तज्ज्ञांनी शेपटीकडच्या भागातील एका तुळईवर बोट ठेवले. विमानाचे मुख्य धड, ज्यात माणसे बसतात ते, कोणाच्या संशयात आले नाही.

आता विचार करा. डोळ्यांसमोर वादळ होते. काळबैसाखीत सापडलेले विमान मोडले, ह्यात नवल काय? आणि विमान कोणाचे? डी हॅविलंडचे, ज्यांच्या कौशल्यावर सारे राष्ट्र गर्व करीत होते. साक्षीदार आधीच ठरलेला असला म्हणजे दुसऱ्या साक्षीदाराचा शोध कोण घेतो? कलकत्त्याच्या विमानालाही पुढे सापडलेला तोच रोग होता की नाही, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही, म्हणून मी तसे म्हणत नाही. परंतु तो रोग असू शकेल हा प्रश्नच तेव्हा नीट विचारला गेला नाही, एवढे खरे.

१० जानेवारी १९५४. सिंगापूरहून लंडनला निघालेले कॉमेट सकाळी रोमहून शेवटच्या टप्प्यावर उडाले. विमान तेच, योक पीटर, ज्याने जेटचे युग सुरू केले होते. नाताळची सुट्टी आईबापांजवळ घालवून शाळेला परत निघालेली मुले त्यात होती. आणखी एक उतारू होता चेस्टर विल्मट. आमच्या, म्हणजे रेडिओच्या, बिरादरीतला माणूस. टोब्रुकच्या वेढ्यातून आणि पुढे नॉर्मंडीच्या रणभूमीवरून ज्याचा आवाज लोकांनी कानांत प्राण आणून ऐकला होता, तो युद्ध-वार्ताहर. युद्धातून तो सुखरूप सुटला होता.

कॉमेटचा कप्तान पुढे गेलेल्या दुसऱ्या एका विमानाच्या कप्तानाशी ढगांच्या उंचीबद्दल रेडिओवरून बोलत होता. वाक्य अर्ध्यावर तुटले. एल्बा बेटाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनी आकाशात गडगडाट ऐकला आणि जळते तुकडे समुद्रात पडताना पाहिले. पस्तीस जीव गेले. कोळ्यांनी होड्या घालून जेवढे देह हाती लागले तेवढे किनाऱ्याला आणले.

ह्या वेळी वादळ नव्हते.

बी.ओ.ए.सी.ने आपण होऊन सर्व कॉमेट जमिनीवर उतरवून ठेवले. समिती बसली. बाँब असेल काय? इंजिनाला आग लागली असेल काय? इंजिनातील पाते तुटून टाकीत घुसले असेल काय? सर्वांत जास्त वजन पडले ते आगीच्या बाजूने. मग सुचतील त्या सर्व शंकांवर उपाय झाले. पन्नासाच्या आसपास सुधारणा, इंजिनांभोवती पोलादी कवचे, आगीची सूचना देणारी नवी साधने. कारण सापडले नाही, पण कल्पनेला सुचेल तेवढ्या साऱ्यांचा बंदोबस्त केला आहे, अशा अर्थाचा सल्ला मंत्र्यांना मिळाला आणि २३ मार्च १९५४ पासून विमाने पुन्हा सुरू झाली. समुद्राच्या तळाचे बरेचसे अवशेष त्या वेळी अजून वर यायचेच होते!

ही घाई का झाली? पैशासाठी, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण प्रतिष्ठा हे होते. जमिनीवर उभे असलेले प्रत्येक कॉमेट जगाला सांगत होते की ब्रिटनला आपल्याच विमानाचा भरवसा नाही. ते उभे बघवत नव्हते.

८ एप्रिलला, म्हणजे सेवा सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला असता, दुसरे कॉमेट रोमहून कैरोला निघाले आणि नेपल्सच्या दक्षिणेस समुद्रात गेले. ते दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीसाठी चालले होते. एकवीस माणसे. पुन्हा रोमहूनच निघालेले, पुन्हा वर चढतानाच, पुन्हा वादळ नसताना. चारच दिवसांनी कॉमेटचा उड्डाणाचा दाखला काढून घेण्यात आला. पंतप्रधान चर्चिल ह्यांनी सांगितले की, हे कोडे उलगडण्यासाठी किती पैसा आणि किती माणसे लागतात ह्याचा हिशोब करू नका.

येथून पुढचा भाग खरोखर वाचनीय आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळू.

तपासाची सूत्रे फार्नबरोच्या संस्थेचे संचालक आर्नल्ड हॉल ह्यांच्याकडे आली. नेपल्सजवळचे विमान फारच खोल पाण्यात गेले होते, म्हणून एल्बाच्या तुकड्यांवरच सारी भिस्त. ब्रिटिश आरमाराने चारशे ते सहाशे फूट खोल तळ चाळायला घेतला, त्यासाठी टेलिव्हिजनचे कॅमेरे पाण्याखाली सोडले. येतील ते तुकडे फार्नबरोला नेऊन लाकडी सांगाड्यावर आपापल्या जागी टांगण्यात आले. इकडे पिसा येथे इटालियन वैद्यांनी मृतदेह तपासले होते. फुप्फुसे आतून फाटलेली, कवट्या छताला आदळल्याप्रमाणे फुटलेल्या. जळल्याच्या खुणा होत्या त्या मृत्यूनंतरच्या. म्हणजे आग हे कारण नव्हे, तो परिणाम. बैठकीच्या खोलीतली हवा एका क्षणात बाहेर निघून गेली होती.

हवा बाहेर का जाईल? चाळीस हजार फुटांवर माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून विमानाच्या धडात हवा कोंबून भरावी लागते. कॉमेटमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड जास्त असे; आधीच्या उतारू विमानांपेक्षा हा पुष्कळच अधिक. विमान वर गेले की धड फुगायचे, खाली आले की आक्रसायचे. हे फुगणे डोळ्यांना दिसत नाही, पण पत्र्याला ते जाणवते. आणि पत्रा तरी केवढा जाड? एक मिलिमीटरही नाही. त्या काळची जेट इंजिने अशक्त. वजन वाचवले नाही तर विमान परवडेना.

जुन्या डब्याच्या कडीची तार तुम्ही इकडेतिकडे वाकवून पाहिली असेल. एकदा वाकवली, काही होत नाही. दहादा वाकवली, काही होत नाही. मग एका वेळी, काही विशेष जोर न लावताही, ती कट्कन तुटते. ह्याला यंत्रशास्त्रात धातूचा थकवा म्हणतात. आता दुसरी गोष्ट घ्या. कापडाच्या दुकानात दुकानदार पाच वार कापड मोजतो, कडेला कात्रीने चिमटीएवढा छेद देतो आणि दोन्ही हातांनी ओढतो. टर्रकन कापड फाटत जाते. त्या छेदाविना ओढले असते तर पहिलवानालाही ते जड गेले असते. विमानाच्या पत्र्याला खिडकीसाठी भोक पाडले की त्या भोकाच्या कोपऱ्याशी ताण असाच गोळा होतो. आणि कोपऱ्याजवळ ठोकलेल्या रिव्हेटचे भोक किंचित चिरलेले असले तर तोच कात्रीचा छेद.

हा तर्क झाला. तो सिद्ध कसा करायचा? बी.ओ.ए.सी.चे वापरातले एक अख्खे कॉमेट आणून त्याच्या धडाभोवती लोखंडी हौद बांधला. पंख हौदाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. मग हौदात आणि धडात पाणी भरले. पाणीच का? सायकलची ट्यूब हवेने फुटते तेव्हा बार होतो. पाण्याने भरलेली पखाल फाटली तर नुसते पाणी वाहते. हवेने परीक्षा केली असती तर विमान बाँबसारखे फुटले असते आणि चीर कोठून निघाली हे कधीच कळले नसते. पंपाने आतला दाब वाढवायचा, उतरवायचा. पंख यंत्राने वरखाली वाकवायचे. दर पाच मिनिटांना एक ‘उड्डाण’. रात्रंदिवस. हे विमान हौदात येण्यापूर्वी खरोखरीची १,२२१ उड्डाणे करून आले होते. हौदात आणखी १,८३६ झाली आणि जून १९५४ च्या अखेरीस दाब एकदम उतरला. पाणी काढून पाहतात तो धडाच्या बाजूला कित्येक फूट लांब भगदाड, आणि त्याची सुरुवात एका खिडकीच्या कोपऱ्यातील रिव्हेटच्या भोकापाशी.

एकूण ३,०५७ उड्डाणे. एल्बाचे योक पीटर १,२९० उड्डाणांत आणि नेपल्सचे विमान ९०० उड्डाणांत गेले होते. धातूच्या थकव्यात असा फरक पडतोच. तो घड्याळ लावून येत नाही. पुढे ऑगस्टमध्ये एका इटालियन मासेमारी नौकेच्या जाळ्यात योक पीटरच्या छपराचा तुकडा आला आणि साखळीचा शेवटचा दुवा जुळला. त्या छपरात दिशादर्शक रेडिओच्या एरियलसाठी दोन झरोके होते. चीर तेथून निघाली होती. ‘चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडले’ असे जे सर्रास लिहिले जाते, ते म्हणून अर्धेच खरे आहे. उतारूंच्या खिडक्यांचे कोपरे गोलावलेलेच होते, पण पुरेसे नव्हेत. आणि योक पीटर फुटले ते ज्यातून कोणी बाहेर पाहत नव्हते अशा झरोक्यापाशी.

तुम्ही विचाराल, मग डी हॅविलंडने आधी परीक्षा केलीच नव्हती काय? केली होती, आणि नियमाला हवी होती त्यापेक्षा जास्त. धडाचा एक भाग त्यांनी अठरा हजार वेळा फुगवून पाहिला होता व तो टिकला होता. दुर्दैव असे की, त्याच भागाला आधी दुप्पट दाब देऊन झाला होता. त्या दुप्पट दाबाने कोपऱ्याजवळचा धातू जरासा ताणून बसला आणि उलट जास्त चिवट झाला. ज्याची परीक्षा घेतली तो पत्रा आणि ज्यात माणसे बसली तो पत्रा, हे एकाच जातीचे राहिले नव्हते. परीक्षेच्या कडकपणानेच परीक्षा खोटी पाडली. हे त्या वेळी कोणालाच कळले नाही.

ऑक्टोबर १९५४ मध्ये लॉर्ड कोहेन ह्यांच्यापुढे लंडनला जाहीर चौकशी झाली. कंपनीने आपले हिशोब, आपल्या परीक्षांच्या वह्या, सारे पुढे ठेवले. फेब्रुवारी १९५५ च्या अहवालात कोणालाही दोषी धरलेले नव्हते. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे कारखान्याने वाजवी काळजी घेतली होती, असा निष्कर्ष निघाला. अहवाल छापून प्रसिद्ध झाला आणि तो ज्याला हवा त्याने वाचला. सर्वांत काळजीपूर्वक वाचणारे अर्थात अमेरिकेतले. तुमच्या वाट्याला हे आले नसते तर आमच्यापैकी कोणाच्या तरी वाट्याला आले असते, असे अमेरिकन कारखान्यांच्या प्रतिनिधींनी आपल्याला सांगितले, हे कनिंगहॅम ह्यांनी पुढे नमूद केले आहे.

आता नावाचा हिशोब पाहू. डी हॅविलंडची अब्रू गेली काय? मला तसे वाटत नाही. ह्या कारखान्यावर संकटे नवी नव्हती. पुस मॉथची काही विमाने १९३० नंतरच्या एक-दोन वर्षांत हवेत मोडली होती. तपास झाला, दुरुस्ती झाली, नाव टिकले. सप्टेंबर १९५२ मध्ये फार्नबरोच्या प्रदर्शनात त्यांचे एक लढाऊ विमान लोकांच्या डोक्यांवर फुटले, विमानातले दोघे आणि एकोणतीस प्रेक्षक ठार झाले. तरीही नाव टिकले. खुद्द सर जेफ्रींचे दोन मुलगे कंपनीचीच विमाने चालवताना गेले होते, एक १९४३ मध्ये आणि दुसरा १९४६ मध्ये. ह्या घरातली माणसे स्वतः बसणार नाहीत अशा विमानात दुसऱ्याला बसवणारी नव्हती, हे जगाला ठाऊक होते. कोहेन चौकशीतही कोणी त्यांना लबाड म्हटले नाही.

पण लबाड न म्हणणे वेगळे आणि तिकीट काढणे वेगळे. मॉथ विकत घेणारा स्वतःच ते उडवी. धोका त्याचा, हौसही त्याची. कॉमेटमध्ये बसणाऱ्या बाईने रिव्हेट कधी पाहिलेला नसतो. तिला चौकशीचा अहवाल वाचायचा नाही, तिला मुलाला शाळेत पोचवायचे असते. आणि विमान-कंपनीला विमान घ्यायचे असते ते ह्या बाईकडे पाहून.

शिवाय चार वर्षे गेली. नव्या, भक्कम पत्र्याच्या ‘कॉमेट ४’ने ४ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडन–न्यूयॉर्क अशी अटलांटिकपार पहिली जेट सेवा सुरू केली, पण अवघ्या बावीस दिवसांनी २६ ऑक्टोबरला पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ त्याच महासागरावरून निघाले. ह्या ७०७ चा पूर्वज १५ जुलै १९५४ रोजी प्रथम उडाला होता, हौदातले धड फाटल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी. बोइंग मोठे होते, शंभराहून अधिक उतारू नेई. गिऱ्हाइके तिकडे वळली. कॉमेट सर्व मिळून बांधली गेली ११४; बोइंग ७०७ ची उतारू विमाने आठशेच्या वर गेली. एअर इंडियाने १९५६ मध्ये बोइंगचीच मागणी नोंदवली आणि १९६० मध्ये ती विमाने मुंबईत आली. त्यांच्या पंखांखालची इंजिने मात्र इंग्लंडच्या रोल्स-रॉइसची होती! देशाच्या कारागिरीवरचा विश्वास उडालेला नव्हता हे ह्यावरून दिसते. बाजार तेवढा हातचा गेला होता. १९६० मध्येच डी हॅविलंड कंपनी हॉकर सिडली ह्या समूहात विलीन झाली आणि काही वर्षांत विमानांवरून ते नाव पुसले गेले.

विमानावर बसलेला शिक्का मात्र कंपनीपेक्षा जास्त टिकला. २८ जुलै १९६३ च्या पहाटेपूर्वी इजिप्तच्या कंपनीचे एक कॉमेट मुंबईला उतरायच्या बेतात असताना मढ बेटाजवळ समुद्रात कोसळले. साठांहून अधिक माणसे बुडाली; त्यांत ग्रीसमधील जागतिक मेळाव्याला निघालेले फिलिपीन्सचे बालवीरांचे पथक होते. ह्या अपघाताचा धातूच्या थकव्याशी काही संबंध नव्हता. पावसाळी रात्र, खवळलेली हवा, आणि वळण घेताना ताब्यातून सुटलेले विमान. हे ‘कॉमेट ४ सी’ होते, खिडक्या बदललेल्या, पत्रा जाड. पण नाव तेच. आणि नावाने शंका येते तेव्हा ती आवृत्तीचा आकडा विचारीत नाही.

ज्या बोइंगने कॉमेटची जागा घेतली, त्यांच्यावरही पासष्ट वर्षांनी तोच प्रसंग आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात त्यांची नवी ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने उडाल्यानंतर थोड्याच वेळात कोसळली. मिळून ३४६ माणसे गेली. पहिल्या अपघातानंतर तेथेही संशयाची सुई आधी वैमानिकांकडे वळली. विमाने उडतच राहिली, आणि दुसरा अपघात झाला. आपल्या देशासह जगभर ती जमिनीवर आणली गेली ती त्यानंतर. येथपर्यंत गोष्ट कॉमेटचीच. पुढे मात्र ती वेगळी होते. आपल्या कर्मचाऱ्यांनी सरकारी तपासनिसांची दिशाभूल केल्याचे बोइंगला जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन सरकारशी केलेल्या समझोत्यात मान्य करावे लागले. तरीही कंपनी उभी राहिली, कारण तिच्या मागण्यांची वही फार जाड होती. डी हॅविलंडजवळ सचोटी होती, पण तेवढी वही नव्हती. पत म्हणतात ती ह्यांपैकी नेमकी कशाची, हे वाचकांनीच ठरवावे.

कॉमेटचे उतारू घेऊन जाणारे शेवटचे उड्डाण १९८० मध्ये झाले. त्याच्या धडावरून बेतलेले ‘निमरॉड’ हे टेहळणी विमान ब्रिटिश हवाई दलात २०११ पर्यंत होते. म्हणजे तो सांगाडा एकदा नीट झाल्यावर अर्धशतकाहून अधिक टिकला. योक पीटरच्या छपराचा मासेमारी जाळ्यात आलेला तो तुकडा लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवला आहे. दोन झरोके, भोवती रिव्हेटांची रांग, आणि त्यांतल्या एका भोकापासून निघालेली चीर.